वाद्यांसाठी कंडेन्सर माइक घेताय? या चुका टाळा

रात्री साडेअकराला मेसेज येतो, "दादा, हा घेऊ का?" खाली एका माइकची लिंक, आणि सवलत बारा वाजता संपणार. कोणतं वाद्य, कुठल्या खोलीत, कशाला जोडणार, यातलं एक अक्षर नाही. मी विचारतो, "वाजवता काय?" उत्तर येतं, "पेटी आणि तबला. पुढे सतारही करायची आहे."

पुण्यात घरातल्याच एका खोलीत मी रेकॉर्डिंग करतो. बहुतेक काम शास्त्रीय आणि नाट्यसंगीत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचं. माइक बदलले, किमती बदलल्या, चुका मात्र त्याच. यात कष्टाचे पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे चांगल्या हाताचं वाजवणं वाया जातं. म्हणून हे लिहितोय. कंडेन्सर म्हणजे पातळ पडद्यावरच्या विद्युतभारावर चालणारा, बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक.

गाण्याचा माइक वाद्याला लावणं

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. व्हिडिओत दिसतो तो जाडजूड, समोर जाळी असलेला माइक म्हणजे लार्ज डायफ्रॅम, मोठ्या पडद्याचा. त्याचा पडदा साधारण इंचभर असतो. न्यूमन कंपनीचा यू-८७ माइक १९६७ साली आला आणि तेव्हापासून 'स्टुडिओचा माइक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच आकार येतो. त्या आकाराचे स्वस्त माइक आज ढिगाने मिळतात. त्यातले बरेचसे गाणाऱ्याचे शब्द स्वच्छ यावेत म्हणून उंच कंपनांच्या भागात मुद्दाम उठवलेले असतात. गळ्याला ते शोभतं. पण तोच माइक पेटीसमोर ठेवा. पेटीच्या सुरांत ही उंच कंपनं मुळातच भरपूर, त्यात माइकची भर पडली की आवाज चिरका होतो. तबल्याची चाट तर कानात टोचते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. मोठ्या पडद्याला समोरचं जसं ऐकू येतं तसं बाजूचं येत नाही. बाजूने येणारा आवाज त्यात मंद, दबलेला होतो. गाणारा एका जागी उभा राहून एका तोंडाने गातो, त्याला याचा त्रास नाही. पण तबला आणि डग्गा ही दोन वाद्यं हात-दीड हाताच्या रुंदीत बसलेली असतात. माइक तबल्याकडे वळवला की डग्गा बाजूला पडतो. सतारीचं तसंच : तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) एकीकडे, सुरांच्या पडद्यांवरचा हात दुसरीकडे. पेन्सिलीसारखा दिसणारा स्मॉल डायफ्रॅम इथे कामाला येतो, कारण बाजूचा आवाजही तो बऱ्यापैकी तसाच घेतो.

तिसरी गोष्ट तर मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एक तबल्याचा विद्यार्थी नोकरीतले सहा महिन्यांचे पैसे साठवून असा एक भारदस्त माइक घेऊन आला. त्याला आपल्या गुरुजींचं स्वतंत्र वादन जपून ठेवायचं होतं. गुरुजी सत्तरीच्या पुढचे, साताऱ्याहून सकाळच्या एसटीने आलेले. मुलाची हौस म्हणून तोच माइक लावला, दोन्ही वाद्यांच्या मध्ये, जेमतेम वीतभर अंतरावर. तीनताल. गुरुजींनी पेशकार (स्वतंत्र वादनाची सुरुवात) सुरू केला आणि पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात आलं की आज हात काही वेगळाच पडतोय. डग्ग्यावर मनगट सरकवून त्यांनी घुमारा असा ओढला की मी डोळे मिटले. आणि तेवढ्यात हेडफोनमध्ये कापड फाटल्यासारखा आवाज आला.

मी गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचं बटण, खाली घेतला. आवाज लहान झाला, फाटणं तसंच राहिलं. आणखी खाली घेतला, तरी तेच. तेव्हा कळलं की सिग्नल इंटरफेसमध्ये (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) फाटतच नव्हता, माइकच्या पोटातच फाटत होता. त्याला पॅड (माइकच्या आतच आवाज कमी करणारं बटण) नव्हतं आणि इतक्या जवळून डग्गा सोसण्याची ताकदही नव्हती. तिथेच हात वर करून थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. वाजवण्यात रंगलेल्या माणसाला थांबवायला जीभ रेटली नाही, 'नंतर दुरुस्त करू' असं स्वतःला समजावलं. नंतर काही दुरुस्त झालं नाही. फाटलेला सूर कुठल्याही सॉफ्टवेअरने पुन्हा विणला जात नाही. दुपारी जेवण झाल्यावर पेन्सिल माइक लावून पुन्हा बसलो, रेकॉर्डिंग स्वच्छ झालं. पण सकाळचा तो पेशकार पुन्हा आला नाही. गुरुजी एवढंच म्हणाले, "हात रोज एकदाच पडतो असा." ती फाटकी फाइल मी अजून ठेवली आहे.

तेव्हापासून माइकच्या कागदावर मी आधी एकच ओळ शोधतो : कमाल ध्वनिदाब, म्हणजे माइक न फाटता किती मोठा आवाज सोसतो. यू-८७ च्या आजच्या आवृत्तीचा तो पॅडशिवाय ११७ डेसिबल आहे, पॅड लावल्यावर १२७. त्याच कंपनीच्या छोट्या केएम-१८४ चा १३८. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-२०२० तर कितीतरी स्वस्त, पण तो १४४ पर्यंत जातो. म्हणजे महाग माइक तबल्याला चालेलच असं नाही. तबला, पखवाज, ढोलकी करायची असेल तर १३० च्या खालचा, पॅड नसलेला माइक मी घेत नाही. ताशा आणि संबळ लहान खोलीत करायचे असतील तर कंडेन्सरचा हट्टच सोडा, साधा डायनॅमिक माइक आणा.

खोलीचा दोष माइकच्या माथी मारणं

"दादा, माइक खराब निघाला, आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो." असा फोन आला की मी म्हणतो, खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागून 'टिंग' असा बारीक झणका आला तर माइक निर्दोष आहे. आपल्या खोल्या दहा बाय बारा, खाली फरशी, एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट. कंडेन्सर हे सगळं टिपतो, कारण बारीकसारीक ऐकणं हेच त्याचं काम. फ्रीजची घरघर, पंख्याची भिरभिर, शेजारच्या कुकरची शिट्टी, खिडकीतलं कबूतर, सगळं येणार.

यावर लोक काळा फोम आणून भिंतीला चिकटवतात. पातळ फोम फक्त वरचा झणका खातो, खालची घुमण तशीच राहते, आणि पेटी आणखी कोंदट वाटते. माझ्याकडे आईने शिवलेल्या चार गोधड्या आहेत. वाजवणाऱ्याच्या मागे आणि एका बाजूला दोरीवर दुहेरी टाकतो, भिंतीपासून वीतभर पुढे. खाली जाड सतरंजी. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर त्याची दारं उघडी ठेवतो. तज्ज्ञ लोक याहून चांगलं काही सांगतील, पण मला या गोधड्यांनी कधी दगा दिलेला नाही. माइक घेण्याआधी हे करा. फ्रीज बंद करा आणि फोनवर दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करून ऐका. तुमच्या खोलीत किती शांतता आहे हे कळल्याशिवाय कोणता माइक परवडेल हे कळणार नाही.

माइकची स्वतःची खरखर न तपासणं

हे सतार, तानपुरा, स्वरमंडल वाजवणाऱ्यांसाठी. प्रत्येक कंडेन्सरची स्वतःची एक बारीक सरसर असते. कागदावर ती 'सेल्फ नॉइज' म्हणून लिहिलेली असते, आकडा जितका लहान तितकं चांगलं. एटी-२०२० ची २० डेसिबल, रोड नावाच्या कंपनीच्या एनटी-१-ए ची फक्त ५. तबल्याखाली २० झाकून जाते. पण मिरजेची चांगली सतार समोर असेल, आलापात नखी तारेवरून निघून तरफांचा (खालच्या, आपोआप घुमणाऱ्या तारांचा) झंकार हळूहळू विरत असेल, तर त्या शेवटच्या दोन सेकंदांत ही सरसर पुढे येते आणि जवारीचं (घोडीमुळे तारेला येणाऱ्या झणक्याचं) सगळं काम तिच्याखाली बुडतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर घोडी घासून घासून जवारी लावतात, ते याच विरण्यासाठी. तेच ऐकू येणार नसेल तर रेकॉर्डिंग करायचं कशाला?

थोडक्यात सांगण्यासारख्या

माइक उलटा लावू नका. लार्ज डायफ्रॅम टोकाकडून नाही, अंगाकडून ऐकतो, आणि बहुतेकांत कंपनीचं चिन्ह असलेली बाजू समोरची.

एक्सएलआरची (तीन पिनांची माइकची) तार बारीक पिनला जोडून फोनमध्ये खुपसली तर स्टुडिओचा कंडेन्सर चालणार नाही. त्याला ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे तारेतूनच मिळणारा वीजपुरवठा, लागतो. हा ४८ चा आकडा आला नॉर्वेतून. १९६६ साली न्यूमनने नॉर्वेच्या रेडिओसाठी केएम-८४ केला तेव्हा तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच माइकला वापरली आणि पुढे जगभर तेच प्रमाण झालं. तुमच्या इंटरफेसवर हे बटण आहे का, आधी बघा. माइक जोडताना-काढताना ते बंद ठेवा.

सुरुवातीलाच जोडी घेऊ नका. एका माइकने तबला नीट येत नसेल तर दोनने दुप्पट बिघडतो. दोन लावलेच तर मोनो करून, म्हणजे दोन्हींचा आवाज एकत्र करून, ऐका. डग्गा एकदम पातळ झाला तर दोन्ही माइक एकमेकांना खात आहेत, एक जरा हलवा.

बासरीच्या तोंडासमोर माइक नको, फुंकर येते. वरून, बोटांच्या भोकांकडे रोखून ठेवा.

नावाजलेला माइक निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो बहुधा नक्कल असतो. अधिकृत विक्रेत्याचं बिल घ्या.

न ऐकता घेणं

समीक्षेचे वीस व्हिडिओ पाहायला लोकांकडे वेळ असतो, आपल्या वाद्याभोवती पाच मिनिटं फिरायला नसतो. याचं मला फार वाईट वाटतं. माझी सवय अशी : वाजवणाऱ्याला साधा ठेका किंवा एखादी सरगम वाजवत ठेवायची, एका कानात बोट घालायचं आणि दुसरा कान वाद्याभोवती फिरवायचा. एक कान बंद केला की माणूस माइकसारखं ऐकतो. पेटीच्या मागे भात्याचा श्वास ऐकू येतो, फार जवळ गेलं की पट्ट्यांची खटखट, जरा वर आणि हात-सव्वा हात पुढे आलं की सूर एकजीव होतात. ती जागा सापडली की माइकचं अर्धं काम झालं. मग दोन माइक एका दिवसाच्या भाड्याने आणा, पुण्या-मुंबईत मिळतात. एकाच जागी ठेवून तेच वाजवा, दोन्हींची पातळी सारखी करा, आणि फाइलींची नावं दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री नको, रात्री थकलेल्या कानाला चमकदार तेच गोड लागतं.

पावसाळा विसरणं

पावसाळ्यात तबल्याची पुडी (वरचं कातडं) उतरते हे वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. माइकचा पडदाही काही मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्यावरच्या विद्युतभारावर सगळा खेळ असतो. दमट हवा शिरली की तो भार गळतो आणि माइक चटचट, फुसफुस करायला लागतो. मुंबईत आणि कोकणात तर हमखास. कोणी अशा वेळी माइक उन्हात ठेवतात, कोणी केस वाळवायच्या यंत्राने वाळवतात. दोन्ही करू नका, पडदा जाईल. काम झालं की माइक स्टँडवर उघडा सोडू नका. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो आणि पुड्या बदलल्याची तारीख झाकणावर लिहितो. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी नव्या पुड्या.