बाबांचं मिचेल ३०० पुन्हा फिरलं

माळ्यावरच्या पेटीत बाबांचं मासेमारीच्या गळाचं मिचेल ३०० रीळ सापडलं. फ्रान्समधल्या क्लूझ गावी बनलेलं, काळं, हँडल डाव्या बाजूला. हँडल जेमतेम हलत होतं आणि बेल तारेची (दोरी रिळावर गुंडाळणाऱ्या, उघड-बंद होणाऱ्या तारेची) स्प्रिंग तुटलेली, त्यामुळे तार बंदच होत नव्हती.

आधी वाटलं गिअरचे दात झिजले. बाजूची झाकणी उघडली तर आत ग्रीस मेणासारखं घट्ट! प्रत्येक भाग काढताना मोबाईलवर फोटो घेतला, वॉशर निघालेल्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले. हे टाळू नका, पातळ वॉशर कुठला हे नंतर आठवत नाही. गिअर रात्रभर रॉकेलमध्ये ठेवले, सकाळी जुन्या टूथब्रशने घासले. दात शाबूत होते. ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी बेताने सोडणाऱ्या, चकत्या मात्र रॉकेलपासून दूर ठेवल्या, नुसत्या कोरड्या फडक्याने पुसल्या. तेलकट झाल्या की दोरी झटके देत सुटते.

स्प्रिंगने तीन संध्याकाळी खाल्ल्या. साधी तार वाकून तशीच राहायची. शेवटी स्टीलची स्प्रिंग-तार जुन्या तुकड्याच्याच जाडीची आणली, खिळ्याभोवती गुंडाळली, टोकं तुटक्या स्प्रिंगशी ताडून वाकवली. ग्रीस बेताचंच भरलं.

रविवारी भरतीला बेलापूरच्या दिवाळे जेट्टीवर गेलो. गरीला कोळंबी लावली, दोरी फेकली, हँडल फिरवताच तार खट्कन बंद झाली. एक शिंगाळा लागला. जिताड्याची आशा अजून आहे. घरी आल्यावर खाऱ्या पाण्याचं रीळ आधी गोड्या पाण्याने पुसलं, मग जेवलो.