नाव तेच, क्रमांक वेगळा : एनएफएसवर फाइलींची मालकी जुळवताना या चुका टाळा

एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावरच्या फाइली वापरण्याची पद्धत. तिने जोडलेल्या साठवणीवरची फाइल दिसते, उघडते, पण जतन होत नाही, अशी तक्रार आली की मी आधी एवढेच विचारतो, की दोन्हीकडचे यूजर आयडी, म्हणजे वापरकर्त्यांचे क्रमांक, पडताळले आहेत का. उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘हो, नाव दोन्हीकडे एकच आहे.’ पण नावाचा येथे काही संबंधच नाही. लिनक्स फाइलीसोबत मालकाचा केवळ क्रमांक साठवते आणि नाव दाखवायची वेळ आली, की त्या त्या संगणकावरच्या यादीत ते शोधते. एनएफएसच्या नेहमीच्या मांडणीत क्लायंट, म्हणजे साठवण वापरणारा संगणक, प्रत्येक विनंतीसोबत हाच क्रमांक पाठवतो आणि सर्व्हर, म्हणजे साठवण पुरवणारा संगणक, त्यावर निमूटपणे विश्वास ठेवतो. डेबियन आणि उबंटूवर पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो, रेड हॅटच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत तो ५०० होता, तर सिनॉलॉजीच्या साठवणीवर तो साधारणपणे १०२६ असतो. त्यामुळे एकाच नावाची व्यक्ती साठवणीच्या दृष्टीने परकी ठरू शकते. याहून वाईट म्हणजे, दोन लॅपटॉपवरचे दोन वेगळे पहिले वापरकर्ते सर्व्हरला एकच व्यक्ती वाटतात, आणि एकाने दुसऱ्याच्या फाइली पुसल्या तरी कोणताही त्रुटीसंदेश येत नाही. म्हणून फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ आज्ञेला एल आणि एन हे पर्याय जोडून नावांऐवजी क्रमांक पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

परवानगी नाकारली गेली की फोल्डरला सरसकट ७७७, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या, देऊन मोकळे होणे हा उपाय नव्हे. त्याने दार उघडते, पण नव्या फाइली चुकीच्या क्रमांकानेच तयार होत राहतात आणि गुंता रोज थोडा वाढतो. ज्यांना दोन मिनिटेही थांबवत नाही, त्यांचा हा आवडता मार्ग आहे, आणि पुढे ती साफसफाई करायला सहसा दुसऱ्याच कोणाला तरी बसावे लागते.

आता ज्या चुकीने माझी स्वतःची एक रात्र खाल्ली, तिच्याविषयी. एका छोट्या कार्यालयात साठवणीवर हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक १००० होता आणि आरेखन करणाऱ्याचा १००१. त्यांच्या संगणकांवर मात्र हे नेमके उलटे होते. मी साठवणीवर अदलाबदल करायचे ठरवले. ‘फाइंड’ या शोधाच्या आज्ञेने १००० च्या सर्व फाइली शोधून त्या १००१ ला दिल्या आणि मग १००१ च्या सर्व फाइली १००० ला दिल्या. दुसरी आज्ञा चालू असतानाच काय झाले ते लक्षात आले : पहिल्या आज्ञेनंतर दोघांच्या फाइली एकाच क्रमांकाखाली मिसळल्या होत्या आणि दुसरीने तो सगळा ढीग उचलून १००० च्या नावावर केला. कोणती फाइल मुळात कोणाची, ही माहिती डिस्कवर उरलीच नाही. तीन दिवसांपूर्वीच्या टार संग्रहात (फाइली एकत्र बांधून ठेवलेल्या बॅकअपमध्ये) मालकांचे क्रमांक नोंदलेले होते म्हणून त्यावरून यादी काढून बहुतेक फाइली परत लावता आल्या. मधल्या तीन दिवसांच्या फाइलींसाठी दोघांना शेजारी बसवून एकेक विचारावी लागली. मधे ६०००१ सारखा कोणीही न वापरलेला तिसरा क्रमांक घेतला असता, तर हे काम दहा मिनिटांचे होते.

तेव्हापासून मी अदलाबदल करतच नाही. सर्व वापरकर्त्यांना ३००१ पासून पुढचे क्रमांक देतो, ते एका साध्या वहीत लिहून ठेवतो आणि नव्या संगणकावर खाते उघडतानाच तो क्रमांक देतो. ज्या साठवणीवर क्रमांक निवडता येत नाही, तिथे साठवणीचा क्रमांक प्रमाण मानून संगणकावर बदल करतो. ‘यूजरमॉड’ या खाते बदलण्याच्या आज्ञेने क्रमांक बदलताना ती व्यक्ती लॉगइन नसावी, शिवाय ती आज्ञा फक्त होम फोल्डरातल्या फाइलींची आणि मेलबॉक्सची मालकी बदलते, बाहेरच्या फाइली आपल्यालाच शोधाव्या लागतात. वापरकर्त्यांच्या गटांचे क्रमांकही जुळवावे लागतात, हे हमखास विसरले जाते.

एनएफएसची चौथी आवृत्ती नावे पाठवते, म्हणून क्रमांकांची चिंता नको, हा समज मला विशेष त्रास देतो. नावे आणि क्रमांक यांची सांगड घालणाऱ्या आयडीमॅपडीमध्ये डोमेन नीट भरले की मालक म्हणून योग्य नाव दिसू शकते हे खरे. परंतु कर्बेरॉस (वापरकर्त्याची ओळख पटवणारी यंत्रणा) नसेल, तर परवानगी तपासताना सर्व्हर क्लायंटने पाठवलेला क्रमांकच पाहतो. त्यामुळे नाव अगदी बरोबर दिसते आणि फाइल तरीही लिहिता येत नाही.

क्लायंटवरून रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून मालकी बदलता येत नाही, कारण सर्व्हर रूटला सहसा ६५५३४ या अनामिक क्रमांकात बदलतो. हे संरक्षण काढून टाकू नये, सर्व्हरवर जाऊन मालकी बदलावी.

सोडून गेलेल्या व्यक्तीचा क्रमांक नव्या व्यक्तीला देऊ नये, जुन्या फाइलीही सोबत जातात.

नेहमीच्या मांडणीत विनंतीसोबत वापरकर्त्याचे फक्त १६ गट जातात, सतरावा गट गळतो.

फाइलींची नक्कल करणारी आरसिंक ही आज्ञा रूट म्हणून चालवल्यास आधी नावे जुळवते आणि नाव सापडले नाही तरच क्रमांक वापरते. म्हणून बॅकअप घेताना आणि विशेषतः लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्समधून, जिची नावांची यादी वेगळी असते) तो परत आणताना नावे न पाहता क्रमांकच जपणारा न्यूमेरिक आयडीचा पर्याय द्यावा.