स्लो कुकरमधलं मटण सँडविच: या चुका टाळा, पाण्याची तर आधी

स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं, घरी आला त्या पहिल्याच रविवारी मी सँडविचसाठी एक किलो मटण टाकलं, हाताच्या सवयीने वरून तीन पेले पाणी ओतलं आणि आठ तासांनी झाकण काढलं तर आत चार-पाच पेले पाणी, त्यात मटण तरंगतंय. आईने पळी बुडवून वर धरली, रस्सा वाटीत परत सोडला आणि म्हणाली, "हाई काय शे? हाई ते पानी शे." खरंच होतं. आमच्या जळगावकडे रस्सा पातळ चालतो हो, पण त्यावर बोटभर लाल तर्री पाहिजे, हे नुसतं मळकट पाणी होतं आणि त्यात पाव बुडवला तर पावाचा लगदा.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. पातेल्यात रस्सा उकळतो तेव्हा वाफ निघून जाते म्हणून आपण पाणी टाकत राहतो. स्लो कुकरमध्ये वाफ झाकणाला लागते आणि थेंब होऊन परत खालीच पडते, जवळपास काही उडतच नाही. वर मटण स्वतःचं पाणी सोडतं, कांदा सोडतो, टमाटे टाकले तर विचारूच नका. एक किलो बोनलेसला अर्धी वाटी पाणी बास. पहिल्यांदा करताना भीती वाटते की करपेल, पण करपत नाही, दोन तासांत मटण आपल्याच रसात बसलेलं दिसेल (काचेतूनच बघा, झाकण काढू नका, त्याच्यावर येतोच). आणि पाणी झालंच जास्त तर मटण बाजूला काढा, रस कढईत ओतून मोठ्या गॅसवर निम्मा होईपर्यंत आटवा. त्यासाठीच मीठ सुरुवातीला कमी टाकायचं, आटल्यावर खारट होतं.

मुळात हा पदार्थ अमेरिकेतला. तिकडे बीफचा चक रोस्ट म्हणजे खांद्याकडचा मोठा तुकडा दिवसभर स्लो कुकरमध्ये ठेवतात, काट्याने उसवतात आणि लांबट पावात भरून त्याच्याच रसात बुडवून खातात, शिकागोत तर अख्खं सँडविचच रसात बुचकळून देतात. आपल्याकडे गोहत्या बंदी जुनीच आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, म्हैस त्यात नाही, त्यामुळे बाजारात मोठ्याचं म्हणून जे मिळतं ते म्हशीचं. मी बोकडाचंच करतो कारण घरात तेच चालतं. तुम्ही मोठ्याचं केलंत तर तासभर-दोन तास जास्त धरा, बाकी चुका त्याच आहेत.

दुसरी चूक दुकानातच होते. आपण मांडीचं चांगलं लाल मटण मागतो आणि खाटीकही कौतुकाने तेच देतो. पण हळू शिजवायला ते नको. फऱ्याचं म्हणजे खांद्याकडचं घ्या, थोडी गर्दन घ्या, ज्यात पांढरे पडदे आणि शिरा दिसतात असं. तेच पडदे तासन् तास ७०-८० डिग्रीच्या वर राहिले की विरघळून चिकट, गुळगुळीत होतात आणि मटण दोऱ्यासारखं सुटतं. मांडीच्या मटणात ते कमी, म्हणून आठ तासांनी ते कापसाच्या बोळ्यासारखं कोरडं लागतं, पाण्यात असूनसुद्धा. तुकडेही रश्श्याला करतो तसे बारीक नकोत, मुठीएवढे ठेवायला सांगा. "भो, हाडं काढून मोठे मोठे तुकडे दे" म्हटल्यावर आमचा खाटीक पहिल्यांदा माझ्याकडे बघतच राहिला होता, त्याला वाटलं कुत्र्यासाठी नेतोय. हाडं मात्र टाकून देऊ नका, दोन-तीन तळाशी ठेवली तर रसाला वजन येतं.

आता मसाल्याचं, आणि इथे आपण खान्देशी लोक खरं तर पुढे असायला पाहिजे पण मशीन दिसलं की सगळं विसरतो. कच्चं मटण, कच्चा कांदा, वरून तिखट-मीठ, बटण दाबलं, झालं. मग म्हणायचं चव नाही. कशी येईल? भाजल्याची चव यायला साधारण १४० डिग्रीच्या वर आच लागते आणि स्लो कुकर पाण्याच्या उकळीच्या वर जातच नाही, म्हणजे आत काहीही भाजलं जात नाही, दिवसभर ठेवलं तरी. वांगं जाळावर भाजल्याशिवाय आपण भरीत करतो का? पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळाचा वास नसेल तर त्याला कोणी भरीत म्हणत नाही. तसंच आहे हे. कांदा गॅसवर सालासकट काळा होईपर्यंत भाजा, खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरा, लसूण-आलं घाला, वाटा, मग शेंगदाण्याच्या तेलात काळा मसाला टाकून तेल सुटेपर्यंत परता. त्याच कढईत आधी मटणाचे तुकडे पुसून कोरडे करून चारी बाजूंनी लाल करून घ्यायचे. ओलं मटण तेलात टाकलं तर लाल होत नाही, उकडतं, कढईत गर्दी केली तरी तेच, म्हणून दोन घाण्यांत करा. वीस मिनिटं जातात पण तर्री तिथूनच येते.

एक उलटी गोष्टही सांगतो. अख्खी लवंग, दगडफूल, मोठी वेलची यांना आठ तासांत जोर चढतो, रश्श्याच्या निम्मं टाका. एकदा मी नेहमीच्या मापाने लवंगा टाकल्या तर सँडविच खाल्ल्यावर दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यासारखं वाटत होतं. कोथिंबीर आणि लिंबू शेवटी. दही टाकायचं असेल तर तेही शेवटी, नाहीतर फाटतं.

झाकण! आमच्याकडे जो येईल तो झाकण उचलून वास घेतो. एकदा उघडलं की आतली उष्णता जाते आणि परत त्या जागी यायला वीसेक मिनिटं लागतात. मेव्हणे, शेजारचे काका आणि दोन पोरं मिळून माझं एक मटण दीड तास लांबवून गेले आहेत. आणि वेळ झाला तरी मटण चामट लागलं तर घाबरून बंद करू नका. लोकांना वाटतं जास्त शिजलं म्हणून कडक झालं, बहुतेक वेळा ते अजून शिजायचं असतं, पडदे विरघळलेले नसतात. लो वर ८ तास, हाय वर ४-५ तास धरा पण खरी परीक्षा एकच, काटा टोचून फिरवला तर मटणाने आपसूक उसवलं पाहिजे. भांडं निम्म्यापासून दोन तृतीयांश भरलेलं असावं, अगदी तळाशी थोडंसं असेल तर कोरडं पडतं.

फ्रीझरमधला दगड तसाच आत टाकायचा नाही. कुकर हळू तापतो, गोठलेलं मटण तासन् तास कोमट राहतं, आणि ५ ते ६० डिग्रीच्या मधल्या गरमीत जंतू झपाट्याने वाढतात. आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा.

ह्यालाच जोडून लाईटचं, कारण मे महिन्यात आमच्याकडे आणि भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो आणि लाईट कधी जाईल सांगता येत नाही. मी एकदा सकाळी लावून कामावर गेलो, संध्याकाळी आलो तर मटण मऊ, वास छान, सगळं ठीक. जेवायला बसणार तेवढ्यात बायकोने टीव्हीवरचं डिजिटल घड्याळ दाखवलं, "अहो, हे बारा-बारा करतंय." म्हणजे मधे लाईट गेली होती, किती वेळ कोणाला माहिती. माझ्या कुकरला साधं फिरवायचं बटण आहे, लाईट आली की तो काही झालंच नाही असं दाखवत परत सुरू होतो. एक किलो मटण टाकून दिलं. जीवावर आलं पण तसंच करायचं, कोमट असताना जंतूंनी केलेलं विष काही वेळा नंतर उकळूनही जात नाही. घरी असताना लाईट गेली तर सोपं आहे, सरळ पातेल्यात काढून गॅसवर शिजवा. तेव्हापासून मी रविवारीच लावतो, घरात कोणीतरी असताना. बिलाची काळजी करू नका, २०० वॅटचा कुकर ८ तास म्हणजे १.६ युनिट.

कुकरच्या आतलं माझं एक भांडं असं गेलं: फ्रीजमधून काढलेलं चिनी मातीचं गार भांडं तापलेल्या बुडावर ठेवलं, टक् आवाज आला आणि वरपासून खालपर्यंत चीर. गरम भांड्यात गार पाणीही ओतू नका.

पावाचं आता. लादी पाव मऊ, तो रस पितो आणि हातात तुटतो. बेकरीत कडक पाव किंवा ब्रून मिळाला तर तो घ्या, नाही मिळाला तर लादी पाव आतून बटर लावून तव्यावर कडक भाजा, ती भाजलेली बाजू रस अडवते. मटण रसातून काढून पाच मिनिटं चाळणीत ठेवा, दोन काट्यांनी उसवा (मिक्सरला अजिबात नाही, चटणी होते), मग त्यावर दोन-तीन पळ्याच रस घाला. उरलेला रस वाटीत, बुडवायचं ते खाताना. वर कच्चा कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, चीज माझ्या मते काळ्या मसाल्यासोबत जमत नाही पण पोरं ऐकत नाहीत. गरमच खा, मटणाची चरबी गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते.

उरलं तर उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, पसरट डब्यांत, म्हणजे लवकर गार होतं. दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळी आणून गरम करायचं, कुकरच्या वॉर्म बटणावर नाही, ते गरम ठेवायला आहे, गरम करायला नाही. आमच्याकडे मटण पोरं संपवतात आणि रस उरतो. तो आई सोमवारी लसणाची फोडणी देऊन कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर घेते. सँडविच तिने अजून खाल्लेलं नाही.