बाळाची कार सीट आणली, आता घट्ट बसवा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाकडे बाळ आलं की सीट बसवायला मला हाक येते. सीट बहुतेक वेळा चांगली असते, पण हात लावला की डुगडुगते. अशी सीट धडकेत बाळाला सांभाळू शकत नाही.

आधी मागच्या सीटचं कव्हर बघा. गाडी घेतली की आपण लगेच रेक्झिनचं कव्हर चढवतो आणि त्याखाली बेल्टचं बक्कल, आयसोफिक्सच्या म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या दडून जातात. गादी आणि पाठीच्या फटीत बोटं घालून शोधा. कड्या सापडल्या तर बाळाच्या सीटचे दोन्ही हात 'खट्' आवाज येईपर्यंत आत ढकला. मग वरचा पट्टा किंवा खालचा टेकू, तुमच्या सीटला जे असेल ते लावाच. त्याशिवाय सीट धडकेत पुढे कलंडते.

आयसोफिक्स नसेल तर गाडीचा बेल्ट सीटवर आखून दिलेल्या वाटेनेच ओवा. मागे तोंड असलेल्या सीटला ही खूण बहुधा निळी असते, पुढे तोंड असलेल्या सीटला लाल. सीटमध्ये गुडघा रोवा, अंगाचा भार टाका आणि बेल्ट ओढा. बेल्ट जातो तिथे धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा सगळं सोडून बसवा. कंटाळू नका, घाम येतोच.

बाळाचं तोंड मागेच हवं. आर१२९ या बाळांच्या कार सीटच्या सुरक्षा मानकात किमान १५ महिन्यांपर्यंत, आणि सीटची मर्यादा परवानगी देत असेल तर त्याहून जास्त. बाळाचं डोकं जड, मान कोवळी. समोरून धडक बसली तर डोकं, मान आणि पाठ तिघांचा भार सीटच्या पाठीवर पडतो. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड असलेली सीट तिथे कधीच लावायची नाही.

दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तसंच ठेवू नका, पट्टा दोन पायांमधून यायला हवा. पावसाळ्यात रेनकोट काढून मगच बांधा. एसी लागत असेल तर दुपटं पट्ट्यांवरून पांघरा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा, चुणी आली तर सैल आहे. उन्हात उभ्या गाडीत बक्कल तापतं, आधी हात लावून बघा.

आजी म्हणतील, "एवढंसं पोर, मी धरते घट्ट." त्यांना प्रेमाने सांगा: आजी, ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत कुणाच्याच हातांना ते पेलत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे.

टॅक्सी बोलावलीत तर सामान ठेवण्याआधीच विचारा, "दादा, मागचे बेल्ट चालू आहेत ना?" नसतील तर दुसरी गाडी बघा.