तारखेचे फोल्डर अन् माझी 'आज' कमांड

दारव्ह्याजवळच्या गावात माझं झेरॉक्स-स्कॅनिंगचं दुकान आहे. सातबारे, पीकविम्याचे कागद रोज त्या त्या तारखेच्या फोल्डरात जातात. आधी नाव द्यायचो '०५-०७-२०२४' असं. त्यामुळे सगळ्या महिन्यांच्या ५ तारखा एकाखाली एक! काउंटरवर काकाजी उभे, "बावा, मंगळवारचा माहा कागद काढ ना," अन् मी माउस फिरवत बसलेलो.

पहिला इलाज सोपा: वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. '२०२४-०७-०५' लिहिलं की क्रम आपोआप लागतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर तारीख दाखवणाऱ्या 'डेट' कमांडला 'अधिक, टक्का, कॅपिटल एफ' दिलं की नेमकं हेच मिळतं.

मग छोटी स्क्रिप्ट (ओळीनं चालणाऱ्या कमांडची फाइल) लिहिली: आजचा फोल्डर बनव अन् 'सीडी' (फोल्डर बदलायची कमांड) करून आत जा. फोल्डर बनला, पण मी जागचा हललो नाही. दोन संध्याकाळी गेल्या (एक तर लाइटच नव्हती). गोम अशी की स्क्रिप्ट वेगळ्या शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, चालते. तिथलं 'सीडी' तिच्यासोबतच संपतं, आपला शेल आहे तिथंच राहतो. तोच मजकूर बॅशआरसी फाइलीत (शेल सुरू होताना ती आपोआप वाचतो) 'आज' नावाचं फंक्शन म्हणून टाकला, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) नव्यानं उघडलं, झालं काम.

आता 'आज' टाइप केलं की आजच्या फोल्डरात, 'काल' केलं की कालच्या. 'काल'साठी 'डेट'ला 'वजा डी, यस्टर्डे' जोडलंय. पाथभोवती, म्हणजे फोल्डरच्या पत्त्याभोवती, दुहेरी अवतरणचिन्हं मात्र विसरू नका. माझ्या 'शेती कागद' फोल्डरच्या नावातल्या एका स्पेसनं मला भलत्याच जागी नेलं होतं.

जुने फोल्डर अजून तसेच पडून आहेत. सोयाबीन निघाल्यावर बघू.