लॅपटॉपचा तुटलेला चार्जिंग जॅक कसा बदलावा

चार्जरची पिन एका ठरावीक कोनात वळवून धरली की दिवा लागतो, हात काढला की विझतो. मग वायरीखाली वही सरकवायची, पिनेला टेप गुंडाळायची, टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही, असे उद्योग सुरू होतात. ते फार दिवस चालवू नयेत. ६५ वॅटच्या चार्जरमधून १९ व्होल्टला साधारण ३.४ अँपिअर करंट वाहतो. एवढा करंट सैल जोडातून गेला की बारीक ठिणग्या उडतात, जोड तापतो, जॅकभोवतीचं (पिन जिथे खोचतो त्या भोकाभोवतीचं) प्लॅस्टिक तपकिरी पडतं आणि शेवटी बोर्डावरचं सोल्डरही (जोड धरून ठेवणारा वितळवलेला धातू) सुटतं. नुसता जॅक बदलून भागलं असतं ते काम मग मदरबोर्डावर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावर, जाऊन बसतं.

जॅक बदलणं घरी जमेल की नाही, हे तुमच्या हातातल्या कौशल्यापेक्षा तुमच्या लॅपटॉपमध्ये जॅक कसा बसवलाय यावर जास्त ठरतं. आणि ते एकही स्क्रू न काढता कळू शकतं.

आधी खात्री करा, दोष जॅकचाच आहे ना?

बिघाड चार्जरच्या वायरीत आणि उघडला लॅपटॉप, असं फार वेळा होतं. मल्टीमीटर डीसी व्होल्टेजवर ठेवा. चार्जर २० व्होल्टचा असेल तर २० ची रेंज अपुरी पडू शकते, त्याच्या वरची घ्या. लाल टोक पिनेच्या आतल्या भागाला, काळं बाहेरच्या कड्याला. चार्जरवर छापलेल्या आकड्याच्या आसपास व्होल्टेज दिसायला हवं. आता मीटरवर नजर ठेवून वायर हलवा: आधी पिनेजवळ, मग चार्जरच्या ठोकळ्याजवळ. आकडा मधेच शून्यावर आपटला तर लॅपटॉप उघडायची गरज नाही, चार्जर बदला. मोजताना दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली तर चार्जर स्वतःला वाचवायला बंद पडतो. भिंतीच्या सॉकेटमधून काढून जरा वेळाने पुन्हा लावा.

पिनेच्या मधोमध सुईसारखी बारीक तार असेल (डेल आणि एचपीच्या बऱ्याच चार्जरना असते), तर ती तार पॉवरची नव्हे, ओळखीची. तिच्यातून चार्जर लॅपटॉपला आपली क्षमता कळवतो. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे कड्याची आतली बाजू. ही सुई किंवा जॅकमधला तिचा संपर्क बिघडला की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. अशा वेळी जॅकला हात लावण्याआधी त्याच जातीचा दुसरा चार्जर लावून बघा.

चार्जर ठणठणीत निघाला तर टॉर्च मारून जॅकच्या आत बघा. मधली पिन वाकलीय, तुटलीय, की सगळा जॅकच आत ढकलला गेलाय? कधी कधी नुसता कापसासारखा कचरा अडकलेला असतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी टूथपिकने तो अलगद उकरून काढा.

जॅक केबलवर आहे की बोर्डावर?

लॅपटॉपच्या खालच्या बाजूला पूर्ण मॉडेल नंबर असतो. त्यावरून सर्व्हिस मॅन्युअल शोधा. डेल, एचपी, लेनोवो आपल्या अनेक मॉडेलांची मॅन्युअल आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवतात. सुट्या भागांच्या यादीत ‘डीसी-इन केबल’ किंवा ‘पॉवर कनेक्टर’ असा वेगळा भाग दिसला तर तुमचं नशीब चांगलं. जॅक छोट्या केबलच्या टोकाला आहे आणि केबल बोर्डात खोचलेली आहे. सोल्डरिंग लागत नाही. काहींत जॅक छोट्याशा वेगळ्या बोर्डावर असतो. तो बोर्डच बदलायचा.

यादीत असं काहीच नसेल तर जॅक बहुधा थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेला आहे. जॅकच्या जाड पायांचं सोल्डर वितळवून भोकं मोकळी करायचा (डीसोल्डर करायचा) सराव असेल तरच हे हातात घ्यावं. आणि यूएसबी-सी पोर्ट थेट मदरबोर्डावर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घरी करू नका. त्या कनेक्टरमध्ये २४ संपर्क असतात, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या अंशात असतं, आणि त्यासाठी गरम हवेचं स्टेशन आणि मायक्रोस्कोप हवा.

नवा भाग मागवताना केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-दोन प्रकारचे जॅक येतात. जुन्या केबलवर छापलेला नंबर जुळवा, तारांची संख्या मोजा, कनेक्टरचा आकार आणि केबलची लांबी बघा. मापात फसगत सहज होते. बाहेरून ५.५ मिमी असलेले गोल प्लग आतून २.१ आणि २.५ मिमी असे दोन्ही मिळतात. २.१ च्या जॅकमध्ये २.५ चा प्लग आरामात जातो, पण मधली पिन सैल राहते आणि तोच रोग पुन्हा सुरू होतो.

हाताशी काय हवं

० आणि १ नंबरचे फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर (काही मॉडेलना टॉर्क्स टी५), प्लॅस्टिकची पातळ उचकटणी, टोकदार चिमटा, मल्टीमीटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल. सोल्डरिंग असेल तर तापमान ठरवता येणारी सोल्डरिंगची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) आणि तिला छिन्नीसारखं रुंद टोक, फ्लक्स (सोल्डर नीट पसरू देणारा पदार्थ), शिशाचं सोल्डर, सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी. बारीक सुईटोकाच्या इस्त्रीने हे काम होत नाही, ती उष्णता पुरवूच शकत नाही.

उघडण्याआधी डेटाची प्रत काढा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा. बोर्डाची बॅटरी निघाली की बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या) सेटिंग बदलू शकतात आणि मग संगणक ती ४८ आकडी की मागतो. जॅक उत्तम बसवला आणि आत शिरायला किल्ली नाही, ही वेळ येऊ देऊ नये.

उघडणं

लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीपमध्ये नको. चार्जर काढा. खालची बॅटरी निघणारी असेल तर आधी ती काढा.

एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचा ढोबळ आकार काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी पुठ्ठ्यात टोचत चला. हा बालिश वाटणारा उपाय टाळू नका. स्क्रूंच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो हाताखालच्या कव्हरमधून वर डोकावतो किंवा टचपॅडमध्ये घुसतो.

सगळे स्क्रू निघाले असं वाटल्यावर रबरी पायांखाली, स्टिकरखाली आणि डीव्हीडी ड्राइव्ह असल्यास त्याच्या कप्प्यात पुन्हा बघा. मग एका कोपऱ्यात उचकटणी घालून कडेकडेने फिरवा. खाचा ‘टक टक’ करत सुटतात. एखाद्या जागी कव्हर हट्टाने धरून बसलं तर जोर लावायच्या आधी तिथे स्क्रू राहिलाय का ते शोधा. बहुतेक वेळा राहिलेला असतो. काही लॅपटॉप वरून उघडतात, आणि कीबोर्डच्या पट्ट्या खालच्या भागाला जोडलेल्या असतात. म्हणून कव्हर झटकन उचलू नका. बोटभर वर करून आत डोकावा, मग पुढे.

आत पोचल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. तारांना धरून ओढायचं नाही, प्लॅस्टिकच्या दोन्ही कानांना नखांनी किंवा उचकटणीने सरकवायचं. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तिथेच थांबवा, आधी तिची विल्हेवाट. ठीक असेल तर कनेक्टर काढून पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, उरलेला चार्ज निघून जातो. आता प्रत्येक केबलचा फोटो काढा.

केबलवाला जॅक

बहुतेक लॅपटॉपमध्ये जॅक बिजागरीच्या खाली किंवा शेजारी दडलेला असतो. बिजागरीचे स्क्रू काढावे लागतात, आणि इथे सावधगिरी हवी. बिजागरीत ताण असतो. स्क्रू काढायच्या आधी स्क्रीन ९० अंशांवर आणून ठेवा, म्हणजे स्क्रू निघताच ती प्लॅस्टिकला उखडून उसळणार नाही. बिजागरी वर वळवली की जॅक दिसतो.

जुनी केबल काढताना ती कुठल्या खोबणीतून, कुठल्या हुकाखालून गेलीय ते बघत चला. नवी त्याच वाटेने न्या. वाट चुकली तर कव्हर बसताना तार चिमटते.

आता जॅक ज्या खोबणीत बसतो ती खोबण नीट तपासा. लोक हे हमखास सोडतात. पिन आडवी ओढली गेल्यावर पुष्कळदा जॅक तुटतच नाही, त्याला धरणारे प्लॅस्टिकचे कठडे तुटतात आणि जॅक आत सरकतो. नवा जॅक तशा मोकळ्या खोबणीत टाकला तर तोही पहिल्याच आठवड्यात आत जाईल. कठडे मोडले असतील तर दोन भागांच्या इपॉक्सीने ते उभे करा, जॅकच्या तोंडात चुकूनही इपॉक्सी जाऊ देऊ नका, आणि पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ वाळू द्या.

बोर्डावर सोल्डर केलेला जॅक

मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. स्क्रीनची केबल, स्पीकर, पंखा, वाय-फायच्या दोन अँटेना आणि पट्टीसारख्या सपाट केबली सोडवा. सपाट केबलीच्या कनेक्टरला एक इवलीशी पट्टी असते, काळी, पांढरी किंवा तपकिरी. बहुतेकांत ती नखाने वर उचलायची, मग केबल जोर न लावता सरकून येते. केबल ओढावी लागतेय म्हणजे पट्टी अजून मिटलेली आहे. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) शक्यतो बोर्डालाच राहू द्या. काढलाच तर त्याखालची जुनी उष्णतावाहक पेस्ट पुसून नवी लावावी लागेल.

जॅक काढणं बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि त्याचं कारण निगेटिव्हचे पाय. ते बोर्डाच्या आतल्या रुंद तांब्याच्या थराला जोडलेले असतात. इस्त्रीने दिलेली उष्णता तो थर ओढून घेतो, पायाजवळचं सोल्डर वितळतच नाही, माणूस वैतागून जॅक हिसडतो आणि भोकातलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर उपटून येतं. या हिसड्यात जेवढे बोर्ड जातात तेवढे चुकीच्या सोल्डरिंगने जात नसतील.

म्हणून आधी जॅकचे तुकडे करा. जुना जॅक तसाही फेकायचा आहे. बारीक कटरने प्लॅस्टिक तोडून एकेक पाय सुटा करा. बोर्डाला कटरचं टोक लागू देऊ नका. मग प्रत्येक पायावर फ्लक्स लावून थोडं शिशाचं सोल्डर भरा. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतं, ६३/३७ चं शिशाचं १८३ ला. दोन्ही मिसळली की काम खूप हलकं होतं. इस्त्री ३५०-३८० अंशांवर ठेवा, टोक पायाला सपाट टेकवा आणि पूर्ण वितळलेलं दिसलं की चिमट्याने पाय अलगद वर घ्या. आला नाही तर थांबा, फ्लक्स घाला, पुन्हा. सगळे पाय निघाल्यावर जाळीने भोकं मोकळी करा.

नवा जॅक बसवताना तो बोर्डाला सपाट टेकला पाहिजे. आधी फक्त एक पाय सोल्डर करा, बोर्ड कव्हरमध्ये ठेवून जॅकचं तोंड बाहेरच्या भोकासमोर बरोबर येतंय का बघा. वाकडा असेल तर तो एकच पाय वितळवून सरळ करता येतो. मग बाकीचे पाय भरा. सोल्डर भोकातून पलीकडच्या बाजूलाही दिसायला हवं. राहिलेला फ्लक्स अल्कोहोलने पुसा. खिडकी उघडी ठेवा, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. शिसं खाण्याच्या हातावर नको.

मिटण्याआधी तपासणी

मल्टीमीटर काँटिन्यूइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून जॅकच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला टोकं लावा. क्षणभर ‘बीप’ होऊन थांबला तर हरकत नाही, बोर्डावरचे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) भरतायत. वाजतच राहिला तर शॉर्ट आहे, म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कुठेतरी थेट जोडले गेलेत. चार्जर लावू नका, सोल्डरचा एखादा थेंब किंवा तारेचं टोक कुठे टेकलंय ते शोधा.

मीटर गप्प झाला की लॅपटॉप अर्धवट जोडून कोरड्या लाकडी टेबलावर ठेवा, बॅटरी अजून जोडू नका, आणि चार्जर लावा. चार्जिंगचा दिवा बॅटरीशिवाय लागेलच असं नाही, पण बटण दाबल्यावर लॅपटॉप सुरू व्हायला हवा. पिन हलकेच डावी-उजवीकडे हलवा. बंद पडता कामा नये. मग लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी जोडा, पुन्हा चार्जर लावा. हा क्रम उलटा करू नका.

सगळं मिटल्यावर अर्धा तास चार्जिंगला ठेवून जॅकजवळ बोट लावा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर कुठला तरी जोड कच्चा आहे. लॅपटॉप चालतोय पण बॅटरीची टक्केवारी हलत नसेल, तर बायोसमध्ये चार्जरची माहिती दाखवण्याची सोय असल्यास ती बघा. तिथे चार्जर ‘अज्ञात’ दिसला तर ओळखीची मधली तार पोचलेली नाही: केबलवाल्यात कनेक्टर अर्धाच खोचला गेलाय, बोर्डवाल्यात त्या बारीक पायाचं सोल्डर राहिलंय.