बॉल पायथनसाठी रॅक बनवताय? आधी टब आणा, मग प्लाय कापा

धामण, अजगर असे आपले साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे हा रॅक, म्हणजे सापांचे टब ड्रॉवरसारखे सरकवायची फळ्यांची मांडणी, फक्त कागदपत्रं असलेल्या विदेशी सापांसाठी, जसा बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर). तर भाऊ, आधी प्लास्टिकचे टब घ्या अन त्यांच्या मापानेच प्लाय कापून घ्या, कारण रॅकमधे टबला वेगळं झाकण नसतं, वरची फळीच झाकण असते, अन २-३ मिमीपेक्षा जास्त फट राहिली की पिल्लू नाक घालून निसटतंच. हवेची भोकं गरम सोल्डरिंग आयर्नने आतून बाहेर पाडा, नाहीतर धारदार कड आत राहून सापाचं तोंड सोलतं. हीट टेप (विजेवर तापणारी पट्टी) मागच्या बाजूला, टबच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली. थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला टेप चालू-बंद करणारं यंत्र) अजिबात लावू नका! गरम बाजूला ३१-३२ अंश पुरे.

नागपुरात खरी परीक्षा मे महिन्यात, पारा ४५ कडे गेला की थर्मोस्टॅट टेप बंद करेल पण खोली थोडीच थंड करेल, म्हणून रॅक स्लॅब तापणाऱ्या वरच्या खोलीत नकोच, खालच्या मजल्यावर अन पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा, अन कूलर लावला तर टबमधला ओलावा रोज बघा, ओल साचली की पोटाखालचे खवले खराब होतात.